मर्सिडीज डब्ल्यू१२४: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी, बोनेटपासून आरसी बुकापर्यंत

जुन्या मर्सिडीजचं इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतं ते तीस वर्षं जुनं रबर, वायरींवरचं कडक झालेलं आवरण आणि रंगाखाली लपलेला गंज. पहिल्यांदा अशी गाडी घ्यायला निघालेला माणूस मात्र इंजिनाचा आवाज ऐकतो, सीटवरून हात फिरवतो, बोनेटवरचा तारा डोळे भरून पाहतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. हा लेख ते टोकन देण्याआधी वाचा.

गाडी कोणती, तर मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू१२४. १९८४ च्या अखेरीस ती डब्ल्यू१२३ ची जागा घ्यायला आली. जर्मनीत सेडानचं उत्पादन १९९५ पर्यंत चाललं आणि सेडान, इस्टेट, कूपे, कॅब्रिओले असे सगळे प्रकार धरून पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या. जर्मनीत हीच गाडी कारखान्याच्या मालकाकडे असायची आणि हीच फिकट हस्तिदंती रंगात टॅक्सी म्हणून रेल्वे स्टेशनाबाहेर रांगेत उभी असायची. महाराष्ट्राशी तिचं नातं सरळ आहे. मर्सिडीजने १९९५ मध्ये भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती पिंपरीत, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, आणि तिथून बाहेर पडलेली पहिली मर्सिडीज १२४ च होती. चाकणचा कारखाना २००९ चा, म्हणजे बराच नंतरचा. पुण्या-मुंबईकडे आज विकायला दिसणाऱ्या १२४ पैकी बऱ्याच गाड्या या पिंपरीच्याच असतात.

आधी गाडी समजून घ्या

तपासणीकडे वळण्यापूर्वी ही गाडी अशी का बनवली आहे ते पाहू. कारण कळलं की कुठे हात लावून बघायचं तेही आपोआप कळतं.

समोरच्या काचेपासून सुरुवात करा. वायपर एकच आहे. साधा एकच वायपर अर्धवर्तुळ काढतो आणि वरचे दोन्ही कोपरे तसेच राहतात. १२४ च्या वायपरच्या बुडाशी गिअरची अशी रचना आहे की फिरता फिरता त्याचा हात लांब-आखूड होतो: कोपऱ्याकडे झुकताना बाहेर सरकतो, मध्ये उभा होताना आत येतो. त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. गाडी बघायला जाल तेव्हा काच ओली करून वायपर एकदा सावकाश चालवून बघा. हात अडखळत असेल किंवा कुरकुर येत असेल तर त्या गिअरमधलं ग्रीस सुकलेलं आहे. ते वेळेत बदललं तर काम स्वस्तात होतं. तसंच चालवत राहिलं तर गिअर झिजतात.

दोन्ही बाजूंचे आरसे नीट पाहा. त्यांचे आकार वेगळे आहेत. ड्रायव्हरच्या बाजूचा आडवा, पलीकडचा जवळजवळ चौकोनी. ड्रायव्हरच्या डोळ्यापासून दोन्ही आरशांचं अंतर आणि कोन वेगळा, म्हणून आरसेही वेगळे. मागच्या दिव्यांच्या काचेवर आडव्या खोल पन्हळी आहेत. धूळ-चिखल उंचवट्यांवर बसतो, खाचा बऱ्यापैकी स्वच्छ राहतात आणि मागच्या गाडीला दिवा दिसत राहतो. डिकीचं झाकण दिव्यांच्या मधून थेट बंपरपर्यंत खाली येतं, म्हणून जड बॅग उंच उचलून आत टाकावी लागत नाही. पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे, ॲक्सलच्या वर ठेवली आहे, म्हणजे मागून धडक बसली तरी ती दूर राहते. त्याच कारणाने मागची सीट पाडून डिकी मोठी करता येत नाही. बोनेट सरळ ९० अंशांत उभं राहतं. हे खास गॅरेजमध्ये काम करणाऱ्याचा विचार करून केलेलं आहे, आणि मला या गाडीतली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. ज्यांनी ती आखली त्यांना ती कधीतरी दुरुस्त करावी लागेल हे मान्य होतं.

मर्सिडीजचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साको यांच्या हाताखाली आखलेली ही गाडी बघायला चौकोनी वाटते, पण तिचा वायुरोध गुणांक (हवा गाडीला किती अडवते याचं माप, जितका कमी तितका चांगला) ०.२९ ते ०.३० च्या घरात आहे. तेव्हाच्या सेडानमध्ये हा आकडा फार चांगला होता. कडा किंचित गोल आहेत, मागचा भाग हळूहळू निमुळता होत जातो, पोटाकडूनही हवा अडू नये याची काळजी घेतली आहे. महामार्गावर काचा बंद करून शंभरच्या वेगाने चाललात की याचा अर्थ कानांना कळतो.

आता मागचं सस्पेन्शन. इथे थोडं थांबतो, कारण गाडीचं चालणं इथून येतं आणि मोठा खर्चही इथेच दडलेला असतो. आधीच्या १२३ मध्ये मागच्या प्रत्येक चाकाला एक तिरपा आर्म होता. चाक वर-खाली झालं की त्या एकाच आर्ममुळे चाकाचा कोनही बदलायचा, आणि वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग बाहेर सरकायला बघायचा. मर्सिडीजने १९८२ च्या १९० मॉडेलमध्ये यावर उत्तर आणलं आणि तेच १२४ मध्ये वापरलं: प्रत्येक मागच्या चाकाला पाच वेगवेगळ्या लिंक, म्हणजे चाकाला धरणारे दांडे. प्रत्येक लिंक चाकाची एकेक हालचाल सांभाळते. कुणी पुढे-मागे रेटा घेते, कुणी आडवा, कुणी चाकाची दिशा धरून ठेवते. त्यामुळे खड्ड्यातून चाक वर उचललं तरी ते तोंड फिरवत नाही. पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगवेगळे बसवले आहेत, म्हणून स्प्रिंगचा भार शॉकच्या दांड्यावर येत नाही.

या सगळ्या लिंकांच्या टोकांना बुश, म्हणजे धक्का पिणारे रबरी तुकडे आहेत, आणि ज्या सबफ्रेमवर (खालच्या लोखंडी चौकटीवर) त्या लिंक बसतात ती सबफ्रेमही रबरावर टांगलेली आहे. डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) रबरावर आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर आहेत. नवीन असताना गाडी गादीवरून गेल्यासारखी चालते ती याच रबरामुळे. तीस वर्षांनी हे रबर चिरतं, आणि मग लोक म्हणतात, "जुनी झाली, खडखडते." लोखंड तसंच असतं, रबर संपलेलं असतं.

पायरी १: कोणती १२४ हवी ते ठरवा

ढोबळमानाने तीन काळ धरा. पहिला १९८४ ते १९८९: दारांच्या खालच्या भागावर मोठी पट्टी नसते, गाडी हलकी आणि साधी दिसते. दुसरा १९८९ ते १९९३: दारांखाली रुंद प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात, ज्यांना शौकीन साको यांचंच नाव देतात. तिसरा १९९३ पासून: समोरची जाळी वेगळी चौकट न राहता बोनेटमध्येच मिसळते. नावंही तेव्हाच बदलली. आधी ३००ई म्हणजे तीन लिटर, पेट्रोल इंजेक्शन. नंतर अक्षर पुढे आलं, ई३२०, ई२२०, आणि ई-क्लास हे नाव सुरू झालं. पिंपरीच्या गाड्या या शेवटच्या काळातल्या.

इंजिनांची यादी लांबलचक आहे, सगळी पाठ करायची गरज नाही. नवख्या माणसाने मुख्यत्वे तीन गोष्टींतून निवडावं. ई२२० चं चार सिलिंडरचं १५० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन: काम करायला जागा भरपूर, भाग तुलनेने सहज मिळतात, देशातल्या मेस्त्र्यांचा हात त्यावर बसलेला आहे. डिझेल: २००डी मध्ये चार, २५०डी मध्ये पाच, ३००डी मध्ये सहा सिलिंडर. पिकअप शांत, आवाज मोठा, आयुष्य दांडगं. आणि सहा सिलिंडरची पेट्रोल, ३००ई किंवा ई३२०, जी रस्त्यावर रेशमासारखी फिरते आणि दुरुस्तीत तितकाच खिसा रिकामा करते. माझं मत विचाराल तर पहिली १२४ म्हणून ई२२० किंवा साधं डिझेल घ्या. स्वस्तात मिळालेली सहा सिलिंडरची गाडी बहुतेक वेळा सगळ्यात महाग पडते.

५००ई बद्दल नवीन माणूस हटकून विचारतो, म्हणून थोडक्यात. १९९० च्या पॅरिस मोटर शोमध्ये ती दाखवली. पाच लिटरचं व्ही८ इंजिन, ३२६ अश्वशक्ती. मडगार्ड फुगवल्यामुळे ही बॉडी मर्सिडीजच्या सिंडेलफिंगेन कारखान्यातल्या नेहमीच्या लाइनवर मावेना, म्हणून जोडणीचं काम झुफेनहाउझेनला पोर्शेकडे दिलं. बॉडी दोन कारखान्यांत ये-जा करायची आणि एक गाडी पूर्ण व्हायला १८ दिवस लागायचे. अशा एकूण १०,४७९ गाड्या बनल्या. ती संग्राहकांची गाडी आहे. शिकण्यासाठी ती घेऊ नका.

पायरी २: थंड इंजिनावरच भेट ठरवा

विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन झाकून टाकतं.

चावी फिरवण्याआधी कूलंटच्या टाकीत पाहा. रंगीत, स्वच्छ कूलंट असायला हवा. साधं पाणी किंवा गंजाचा तांबूस गढूळपणा दिसला तर रेडिएटर, वॉटर पंप आणि सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) या तिघांचंही आयुष्य कमी झालेलं धरा, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि साध्या पाण्याने ते आतून खाल्लं जातं. इंजिन ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूला बोट फिरवा. दुधाळ, कॉफीसारखा थर लागला तर हेड गॅस्केटची, म्हणजे हेडखालच्या सीलची, शंका घ्या.

आता गाडी सुरू करायला सांगा आणि तुम्ही मागे, सायलेन्सरपाशी उभे राहा. सुरुवातीला निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाले आहेत. हे काम करता येतं, भाव कमी करून घ्या. निळा धूर थांबतच नसेल तर पिस्टनच्या रिंगांचं काम आलं. गोडसर वासाचा पांढरा धूर गाडी तापल्यावरही सुटत राहिला तर कूलंट जळतंय. या इंजिनांना टायमिंग बेल्ट नसतो, चेन असते. सुरू होताना क्षणभर खळखळ येऊन थांबली तर चेनचा टेन्शनर तपासायला हवा. खळखळ चालूच राहिली तर चेन ताणलेली असू शकते.

मग आत बसा आणि डावीकडच्या मीटरमध्ये ऑइल प्रेशरचा काटा बघा. त्यावर ० ते ३ असे आकडे आहेत. थंड गाडीत काटा सरळ ३ वर जाऊन टेकतो. वीस-पंचवीस मिनिटं चालवून इंजिन पूर्ण तापलं की आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, तो खाली येतो, आणि पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. घाबरू नका. गरम इंजिनात आयडलवर ०.३ पर्यंत चालतं. पाहायचं हे की ॲक्सिलरेटर हलका दाबताच काटा ताबडतोब ३ वर उडी मारतो का. रेंगाळत चढत असेल तर ती गाडी सोडा.

तापमानाचा काटा ८० च्या किंचित वर स्थिर राहायला हवा. ट्रॅफिकमध्ये उभं राहून एसी लावा आणि दहा-पंधरा मिनिटं बघत बसा. १०० च्या आसपास गेला आणि गाडी हलल्यावर उतरला तर ठीक. तो वर वरच चढत गेला तर फॅनचा व्हिस्कस क्लच (इंजिन तापलं की फॅन जोरात फिरवणारा भाग) गेला आहे, रेडिएटर तुंबला आहे, किंवा त्याहून वाईट काही आहे. रेडिएटरच्या वरच्या नळीचं प्लॅस्टिकचं तोंडही दाबून पाहा. वयानुसार ते ठिसूळ होतं, आणि तुटतं तेव्हा बरोबर घाटात तुटतं.

डिझेल असेल तर हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सुरू करा. बंद करताना लक्ष द्या: चावी काढल्यावरही इंजिन चालू राहिलं तर घोस्ट-बिस्ट काही नाही. जुन्या डिझेल इंजिनाला बंद करण्याचं काम व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांमधून हवा ओढून घेणारी यंत्रणा, करते आणि कुठेतरी नळी फुटलेली असते. अशा वेळेसाठी बोनेटखाली इंजिनावर 'स्टॉप' लिहिलेला दांडा दिलेला आहे, तो दाबायचा.

पायरी ३: वायरिंग, म्हणजे १९९२ ते १९९५ च्या गाड्यांची दुखरी नस

या काळातल्या पेट्रोल इंजिनांच्या वायरींवरचं आवरण उष्णतेने कडक होऊन चुरा होतं, हे जगभर माहीत झालेलं आहे. उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना लागतात आणि गाडी मिसिंग करते, बंद पडते, कधी महागडा कंट्रोल युनिटही घेऊन जाते. ई२२० आणि ई३२० दोन्ही यात येतात.

तपासणं सोपं आहे. इंजिन बंद, बॅटरी सुटी. इंजेक्टरजवळची एखादी वायर, जिथे ती काळ्या नळीतून बाहेर येते तिथे, दोन बोटांत धरून अगदी हलकी वाकवा. मऊ वाकली तर छान. टिकटिक करत आवरणाचे तुकडे पडले तर पूर्ण हार्नेस (इंजिनाच्या वायरींचा सगळा जुडगा) बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. विकणारा म्हणाला की हार्नेस आधीच बदललाय, तर त्यावरचं लेबल आणि तारीख दाखवायला सांगा. इलेक्ट्रिकल टेप गुंडाळलेला हार्नेस बदललेला धरू नका.

जुन्या, १९९२ आधीच्या पेट्रोल गाड्यांत दुसरा एक छोटा भाग लक्षात ठेवा: बॅटरीच्या मागे असलेला, वर फ्यूज असलेला जास्त व्होल्टेजपासून वाचवणारा रिले. आयडल वर-खाली होतंय आणि एबीएसचा दिवा लागलाय, अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की मेस्त्रीला इंजेक्शन सिस्टीम उघडू देण्याआधी हा रिले तपासायला सांगा. फ्यूज-बॉक्समधले फ्यूजही जुन्या तऱ्हेचे, दोन्ही टोकं उघडी असलेले आहेत. ते जागच्या जागी बोटाने फिरवले की संपर्क साफ होतो आणि अर्ध्या किरकोळ तक्रारी मिटतात.

पायरी ४: पत्रा आणि गंज

गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. खालून दिसतं तेच खरं.

पहिलं ठिकाण म्हणजे जॅक लावायच्या चार जागा. दारांखालच्या पट्टीतली प्लॅस्टिकची झाकणं काढून आत टॉर्च मारा. दुसरं, पुढच्या मडगार्डची मागची खालची कड. तिसरं, त्या रुंद प्लॅस्टिक पट्ट्यांच्या मागे. पट्टी देखणी असते, आणि तिच्या मागे वर्षानुवर्षं ओलावा बसलेला असतो. बॅटरीखालचा पत्रा, मागच्या काचेची खालची कड, डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा, मागच्या स्प्रिंग जिथे टेकतात ती जागा. सनरूफ असेल तर तिच्या निचऱ्याच्या नळ्यांत पाणी टाकून बघा, चाकांपाशी बाहेर यायला हवं. काचेखालच्या खोबणीत पानं साचली की पाणी केबिनमध्ये शिरतं, म्हणून पायाखालचं कार्पेट उचलून हाताने दाबून बघा.

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथे राहिलेल्या गाडीला खारी हवा लागलेली असते. त्याच वयाची नाशिक किंवा सोलापूरची गाडी खालून पुष्कळदा कोरडी निघते. त्यामुळे आरसी बुकावर आधीचे पत्ते कुठले आहेत तेही बघा. युरोपात राहणाऱ्यांनी हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा हिशोब धरावा.

लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. पुढची मडगार्ड बोल्टने बसवलेली आहेत. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर ती कधीतरी काढली गेली आहेत, म्हणजे कारण विचारा. ताज्या चकचकीत रंगापेक्षा जुना, थोडा फिका पडलेला मूळ रंग मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पायरी ५: चालवून पाहा

आधी खराब रस्त्यावर, सावकाश. गतिरोधकावरून तिरकी गाडी घाला, म्हणजे एकेक चाक चढेल. पुढून ठक असा आवाज आला तर बॉल जॉइंट किंवा कंट्रोल आर्मचे बुश. मागून बोथट धप आवाज आला तर सबफ्रेमचे किंवा लिंकांचे बुश. गिअर टाकताना मागे धक्का जाणवला तर डिफरन्शियलचं माउंट. यातलं काहीही गाडी नाकारण्याचं कारण नाही. फक्त दोन्ही बाजूंचं एकदम बदलायचं आणि त्यासाठी पैसे बाजूला ठेवायचे.

स्टिअरिंग रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचं आहे. आजच्या गाड्यांपेक्षा मध्यभागी थोडं सैल वाटणं स्वाभाविक आहे. दोन बोटांपेक्षा जास्त फिरवूनही चाकं हलत नसतील तर मात्र जॉइंट आणि स्टिअरिंग बॉक्स तपासावा लागेल. गाडी ४.७४ मीटर लांब असली तरी पुढची चाकं खूप वळतात. पेठेतल्या गल्लीत ती कितीतरी नव्या गाड्यांपेक्षा सहज फिरते.

ऑटोमॅटिक असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. चार गिअरच्या १२४ हलक्या पायाने पुष्कळदा दुसऱ्या गिअरमध्येच निघतात. सिग्नलवरून सुस्त निघाली म्हणून गिअरबॉक्स खराब समजू नका. रिव्हर्स टाकून मनात एक म्हणा. तेवढ्यात गिअर पकडायला हवा. तीन-चार सेकंद लागत असतील तर मोठं काम आहे. गिअर बदलताना हिसके बसत असतील तर गिअरबॉक्स उघडण्याआधी व्हॅक्यूमची नळी आणि मॉड्युलेटर तपासून घ्या, अनेकदा दोष तेवढाच असतो. ऑइल लालसर हवं, करपट वास नको.

परत आल्यावर गाडी लॉक करा. सेंट्रल लॉकसुद्धा व्हॅक्यूमवर चालतं. पंप काही सेकंद गुणगुणून थांबायला हवा. बराच वेळ चालत राहिला तर कुठल्यातरी दारात गळती आहे. एसी मात्र गांभीर्याने घ्या. थंड होत नसेल आणि विकणारा म्हणाला, "फक्त गॅस भरायचा आहे," तर लगेच मान डोलावू नका. डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर (एसीची हवा थंड करणारी जाळी) गळत असेल तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि १२४ मधलं सगळ्यात कंटाळवाणं, मजुरीचं काम तेच आहे.

पायरी ६: कागदपत्रं

चासी नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा. जर्मनीत बनलेल्या गाडीच्या नंबरात डब्ल्यूडीबी नंतर १२४ येतं आणि पुढचे तीन आकडे इंजिन व बॉडी सांगतात: १२४.०३० म्हणजे ३००ई, १२४.०३२ म्हणजे ई३२०, १२४.१२५ म्हणजे २५०डी. विकणारा ई३२० म्हणत असेल आणि नंबर दुसरंच सांगत असेल तर तिथेच थांबा.

महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, आणि पुढे दर पाच वर्षांनी. पर्यावरण कर वेगळा. आयात केलेल्या गाडीला नूतनीकरणाचं शुल्क देशात बनलेल्या गाडीच्या कितीतरी पट आहे, म्हणून वकिलातीतून किंवा परदेशातून आलेली १२४ आणि पिंपरीची १२४ यांचा हिशोब वेगवेगळा करा. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर ते काम विकणाऱ्याने करून द्यावं असा आग्रह धरा. बँकेचा बोजा उतरला आहे का, दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का. दिल्लीकडून फार स्वस्तात येणाऱ्या गाड्यांमागे तिथले वयाचे निर्बंध असतात. भाव पाहून घाई करू नका, आधी एनओसीची खात्री करा.

जर्मनीत राहून तिथेच घेणार असाल तर टीयूव्हीचे, म्हणजे तिथल्या ठरावीक काळाने होणाऱ्या सक्तीच्या वाहन तपासणीचे, जुने अहवाल मागा. तिथे ३० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला नंबराच्या शेवटी एच लावून ऐतिहासिक नोंदणी मिळते. सगळ्या सेडान १२४ आता त्या वयात आल्या आहेत, त्यामुळे चांगल्या गाड्यांची मागणी वाढली आहे.

पायरी ७: घेतल्यावर पहिल्या महिन्यात

गाडीच्या किमतीइतकंच महत्त्व या महिन्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना द्या. आधीच्या मालकाने काय सांगितलं ते ऐका, पण सगळं नव्याने करा: इंजिन ऑइल आणि फिल्टर, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट. कूलंटच्या सगळ्या रबरी नळ्या, ब्रेकच्या रबरी नळ्या, पुढचा बेल्ट. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांचा टायर महामार्गावर नेऊ नका.

पेट्रोल गाडीत आणखी एक काम आपल्याकडे आता टाळता येत नाही. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि या गाडीची इंधनाची रबरं त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेली आहेत. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घाला, फिल्टर बदला, आणि गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नका.

सुटे भाग घेताना दुकानदाराला मॉडेलचं नाव सांगू नका, चासी नंबर द्या. त्याच वर्षाच्या दोन गाड्यांत वेगवेगळे ब्रेक पॅड असू शकतात. जुना भाग फेकण्याआधी त्यावरचा नंबर टिपून घ्या. ए १२४ ने सुरू होणारा मूळ नंबर मिळाला की जगातून कुठूनही तो शोधता येतो. मर्सिडीजचा क्लासिक विभाग अजूनही बरेच भाग पुरवतो, आणि लेमफोर्डर, सॅक्स, बॉश, बेहर यांनी तेव्हा कारखान्यालाच माल दिला होता, त्यांचे भाग घ्यायला हरकत नाही. सस्पेन्शनच्या बाबतीत मी आग्रहाने सांगेन: निनावी स्वस्त बुश घालू नका. पाच लिंकांची सगळी करामत त्या रबराच्या कडकपणावर बेतलेली आहे. चुकीच्या रबरावर गाडी दिसते तशीच, पण चालते दुसरीच.

आणि मेस्त्री आधी शोधा, गाडी नंतर. १२४ उघडलेला, व्हॅक्यूमच्या नळ्यांना न घाबरणारा मेस्त्री तुमच्या शहरात आहे का ते टोकन देण्यापूर्वी विचारून घ्या. रॅम्पवरच्या तपासणीलाही त्यालाच न्या, त्याचा अर्ध्या दिवसाचा मोबदला द्या.

हे सगळं झाल्यावर हजारेक किलोमीटर चालवा आणि गाडी पुन्हा त्याच रॅम्पवर घ्या. नव्या बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे घट्ट केले आहेत ना ते पाहा. हवेत लटकलेल्या गाडीखाली ते आवळले असतील तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात चिरतं. त्याच भेटीत व्हील अलाइनमेंट करून घ्या, कूलंटची पातळी तपासा आणि कुठे नवं ऑइल पाझरतंय का ते कोरड्या कापडाने पुसून बघा.